पहिली बॅच: बिअर, वाइन की सायडर?

आधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, अगदी घरच्यापुरतं असलं तरी. त्यामुळे घरी पहिल्यांदा बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाच्या रसाचं मद्य) करण्याचा हा आढावा अमेरिका आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी. ब्रिटनने घरगुती बिअरच्या परवान्याची अट १९६३ साली काढून टाकली. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने १ फेब्रुवारी १९७९ पासून मुभा दिली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा यांना २०१३ उजाडावं लागलं. अमेरिकेतली मर्यादा वर्षाला एकच प्रौढ असलेल्या घराला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. विकायचं नाही. आणि भट्टी लावून दारू गाळणं दोन्ही देशांत परवान्याशिवाय बंद आहे, तो विषय इथे नाहीच.

आता निवड. बहुतेक जण आपल्याला काय प्यायला आवडतं ते बघून ठरवतात. त्याऐवजी दोन गोष्टी बघा: घरात १८ ते २० अंश सेल्सियसचा कोपरा आहे का, आणि बाटली उघडायला किती महिने थांबवेल.

बिअरचं काम एका दिवसात अंगावर येतं. माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (मोड आणलेल्या बार्लीचा गोड अर्क) १९ लिटर करायची तर २.६ किलो सुकं लाइट एक्स्ट्रॅक्ट, ५६ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि यूएस-०५ या बिअरच्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. पंधरा लिटरच्या पातेल्यात १० लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, मगच निम्मं एक्स्ट्रॅक्ट ढवळून विरघळवा. आंच चालू ठेवून ओतलं तर तळाला लागतं आणि करपट चव शेवटपर्यंत जात नाही. पुन्हा उकळी आली की २८ ग्रॅम हॉप्स टाकून ६० मिनिटं उकळा. उरलेलं एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या दहा मिनिटांत, बाकीचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत. पहिल्या उकळीला हे दुधासारखं उतू जातं, आणि चिकट साखरेचा थर शेगडीवरून खरवडताना पुढची बॅच करायची इच्छा मरते, तेव्हा पातेल्याजवळून हलू नका. मग सिंकमध्ये बर्फ घालून २० अंशांपर्यंत गार करायचं, गार पाण्याने १९ लिटर भरायचं, जोरात ढवळून हवा मिसळायची आणि यीस्ट टाकायचं. चार तास सहज जातात.

वाइनच्या किटला पाऊण तास लागतो. द्राक्षरसाचं कॉन्सन्ट्रेट बादलीत ओता, किटबरोबर आलेलं बेंटोनाइट (वाइन निवळवणारी माती) मिसळा, पाणी घालून २३ लिटर करा, वर यीस्ट भुरभुरवा. उकळायचं काही नाही. तीस बाटल्या होतात, पण किटच्या सूचनांप्रमाणे भरायलाच चार ते आठ आठवडे, आणि लाल वाइन बाटलीत आणखी सहा महिने राहिली तरच माणसांत येते.

ताज्या द्राक्षांपासून करायची हौस असेल तर ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. बाटलीमागे सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात, शिवाय दुकानात मिळणारी बिनबियांची द्राक्षं खायची असतात. नाशिकची थॉम्पसन असो की कॅलिफोर्नियाची, साखर चांगली असते. आम्ल आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) कमी पडतं, म्हणून वाइन मिळमिळीत होते. नाशिकच्या वायनरीसुद्धा शेनिन ब्लांक, शिराझ अशा वेगळ्या जाती लावतात त्या याचसाठी.

बिघाड दोघांचाही होतो, पण वेगवेगळ्या वेळी. बिअरचा गार झालेला गोड काढा म्हणजे जंतूंना मेजवानी. यीस्ट जोर धरेपर्यंतचे पहिले चोवीस तास नाजूक. म्हणून गार झाल्यावर ज्याचा ज्याचा स्पर्श होईल ते सगळं स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढा: १९ लिटरला ३० मिलि, नंतर धुवायचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (पाणी शुद्ध करायला घालतात ते रसायन) असेल तर औषधासारखा वास येतो. उकळून क्लोरामाइन सहजी जात नाही, कॅम्पडेनची (सल्फाइट या टिकवणाऱ्या रसायनाची) पाव गोळी १९ लिटरला पुरते. वाइनला सुरुवातीला आम्लाचं आणि सल्फाइटचं, पुढे १२-१३ टक्के अल्कोहोलचं संरक्षण असतं. तिचा शत्रू हवा. आंबणं थांबल्यावर भांड्यात वर चार बोटं जागा मोकळी राहिली आणि महिनाभर कोणी बघितलं नाही, की ती तपकिरी पडते किंवा व्हिनेगरकडे झुकते. गाळावरून काढली की लगेच तशाच वाइनने गळ्यापर्यंत भरा. लांब मुक्कामासाठी प्लास्टिकच्या बादलीपेक्षा काचेचा कारबॉय (अरुंद गळ्याची मोठी बाटली) बरा.

तापमानाच्या बाबतीत वाइन समजूतदार आहे, २० ते २५ अंशांत किट निभावून नेते. बिअर नाही. आंबताना द्रव स्वतःच खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी तापतो, म्हणजे २४ अंशांच्या खोलीत यीस्ट २७-२८ अंशांवर काम करतं, आणि मग फळकट वास आणि घशाला चटका देणारे जड अल्कोहोल. बादली पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली बदलली तरी भागतं. न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल हा प्रश्न येत नाही. वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये जुलैत बिअरच्या नादी लागू नका.

बाटल्या भरताना बिअर खरी धोक्याची. फेसासाठी साखर मुद्दाम घालायची असते, १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम, पाण्यात उकळून. आधीचं आंबणं पुरं झालं नसेल तर बाटल्या फुटतात, आणि काच लांब उडते. एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं, असं समजू नका. हायड्रोमीटरवर (घनतेवरून उरलेली साखर दाखवणारं उपकरण) तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा (इथे १.०१० ते १.०१२) यायला हवा. सुरुवातीचा १.०५० असेल तर ही झाली पाच टक्क्यांची बिअर. पहिल्या वेळी सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरा: दाबून कडक लागली की फेस तयार झाल्याचं कळतं. काच वापरलीच तर तपकिरी. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उजेडाने हॉप्सला स्कंकसारखी दुर्गंधी येते. भरल्यापासून दोन आठवड्यांत पिता येते, म्हणजे यीस्ट टाकल्यापासून महिनाभरात.

बादली, एअरलॉक, सायफन (द्रव ओढून काढायची नळी) आणि हायड्रोमीटर दोन्हीकडे तेच. बिअरला वर मोठं पातेलं आणि बुचं बसवायचं यंत्र, वाइनला कारबॉय आणि कॉर्कर (कॉर्कची बुचं बसवायचं यंत्र).

थांबण्याची तयारी नाही पण थंड कोपरा आहे, तर बिअर. कोपरा नाही पण धीर आहे, तर वाइनचं किट. दोन्हींबद्दल खात्री नसेल तर एवढ्या खरेदीआधी सायडर करून बघा. अमेरिकेत ‘सायडर’ म्हणजे न आंबवलेला गढूळ रस, ब्रिटनमध्ये आंबवलेला. दुकानात मागताना हे ध्यानात ठेवा. एक गॅलनची सफरचंदाच्या रसाची बाटली घ्या. लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असेल तर परत ठेवा, यीस्ट त्यात वाढणार नाही. क्वचित दिसणारं व्हिटॅमिन सी मात्र चालतं. एक पेलाभर रस पिऊन जागा करा, दोन ग्रॅम यीस्ट टाका, रबरी बूच आणि एअरलॉक लावा. तीन आठवड्यांत आकडा १.०४८ वरून १.००० च्या आसपास येतो, म्हणजे सहा टक्के. चव कोरडी लागेल, कारण साखर सगळी यीस्टने खाल्लेली असते. गोड हवी म्हणून बाटलीत साखर घालून झाकण लावू नका, वरचाच स्फोटाचा प्रकार होईल. पेल्यात ओतल्यावर थोडा ताजा रस मिसळा.