थोर स्त्रियांच्या सहा चरित्रपुस्तिका : इंदूरच्या मुलांना कितपत चालतील?

अहिल्याबाई, सावित्रीबाई, रखमाबाई, आनंदीबाई जोशी, कमला सोहोनी आणि लता मंगेशकर. प्रत्येकी ३२ पानं, ठळक टाइप, वय नऊ ते बारा. पुस्तिका सुट्या मिळत नाहीत, सहाचा संचच घ्यावा लागतो. त्यामुळे जमलेल्या पुस्तिकांसोबत फसलेल्याही घरी येतात.

सगळ्यात सरस रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न, पण सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात फिरला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एवढी गुंतागुंत दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशी चार पानांत मांडली आहे, कुठेही काही न गाळता. पुढे लंडनमधलं वैद्यकीय शिक्षण आणि सुरतेतली नोकरीही नीट येते.

इथे इंदुरी घरांसाठी एक सूचना. पुस्तिकेत ‘सहा महिन्यांची शिक्षा’ असं आहे. शाळेत हिंदी वाचणारं मूल त्याचा अर्थ सहा महिन्यांचं शिक्षण असा लावणार, आणि मग बाई नको का म्हणतात हेच त्याला उमगणार नाही! ‘राग’, ‘संसार’, ‘चेष्टा’ हेही असेच फसवे शब्द. मागच्या शब्दार्थांत नेमके हेच नाहीत. ‘न्यायाधीश’ मात्र आहे, जो दोन्हीकडे सारखाच. वाचायला देण्याआधी या चार शब्दांचे मराठी अर्थ पेन्सिलीने समासात लिहून ठेवावेत.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा जन्म इंदूरचा, हे इथल्या मुलांना ठाऊक नसतं. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्यावरही १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर अजमावून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. अडथळा कुणी घातला, हे पुस्तिका नाव घेऊन सांगते. एरवी बालचरित्रांत नोबेल मिळवलेल्या माणसाला हात लावत नाहीत. बटाट्यातल्या सायटोक्रोम-सी या पेशींच्या श्वसनात लागणाऱ्या प्रथिनावरचा केंब्रिजचा भाग मात्र घाईत उरकलाय. सायटोक्रोम म्हणजे काय, हे एका ओळीतही नाही.

अहिल्याबाईंची फसली. मुखपृष्ठावर इंदूरचा राजवाडा, पण त्यांनी कारभार केला महेश्वराहून. १७५४ मध्ये कुंभेरीला पती खंडेराव वारले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. तेरा वर्षांतले हे तीन मृत्यू एका परिच्छेदात कोंबले आहेत आणि उरलेली पानं घाट-देवळांच्या यादीवर. यादी वाचून कुठल्या मुलाला बाई कळल्यात?

आनंदीबाईंच्या पुस्तिकेत त्या रुग्ण तपासताना दाखवल्या आहेत, कोल्हापुरात. १८८६ मध्ये डॉक्टरीची पदवी घेऊन त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. कोल्हापूरची नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. हे चित्र खोटंच. लताबाईंच्या पुस्तिकेत १९४२ मध्ये वडील गेले तेव्हा त्या ‘तेरा वर्षांच्या’ आहेत. जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, मृत्यू एप्रिलमधला, म्हणजे पुरी बारा, तेरावं चालू. सावित्रीबाईंची ठीक.

बांधणी कच्ची आहे. मधे दोन पिना, त्या पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान आधी सुटतं. कव्हरला लॅमिनेशन फक्त बाहेरून, म्हणून दमट हवेत आतला कागद फुगतो आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. शाळेच्या कपाटात ठेवणार असाल तर पिना काढा, घडीवर तीन भोकं पाडा, मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढून वरच्या भोकातून आत, तिथून खालच्या भोकातून बाहेर आणि परत मधल्यातून आत घ्या. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ आत मारा. एका पुस्तिकेला दहा मिनिटं पुरतात.