मंडळ, मुदतीचा गट की समितीत जागा? तरुणांचा सल्ला घेण्याचे चार मार्ग

किशोरवयीनांच्या आरोग्याचा किंवा युवा विकासाचा प्रकल्प मांडताना प्रस्तावात ‘युवकांचा सहभाग’ हा रकाना येतोच. बहुतेक संस्था तिथे ‘युवा सल्लागार मंडळ स्थापन करण्यात येईल’ असं लिहून मोकळ्या होतात. पैसे मंजूर झाले की मग प्रश्न पडतो, या मंडळाने करायचं काय?

मंडळ हा काही एकच रस्ता नाही. एखाद्या विषयापुरता मुदतीचा गट नेमता येतो. निर्णय घेणाऱ्या मूळ समितीतच तरुणांना जागा देता येते. मोबाइलवरून हजारोंचं मत मागवता येतं. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्यांदाच या वाटेला जात असाल, तर मंडळाच्या भानगडीत पडू नका. मुदतीच्या गटापासून सुरुवात करा.

तुलना कशावर करायची

सहभाग मोजायचा म्हटलं की रॉजर हार्ट यांची शिडी हटकून पुढे येते. युनिसेफसाठी 1992 मध्ये त्यांनी मांडलेल्या या शिडीला आठ पायऱ्या आहेत. मुलांना आपल्या सोयीने वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपण कुठे घसरतोय हे ओळखायला शिडी उत्तम. पण दोन पर्यायांतला एक निवडायचा असेल, तर बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांची 2007 ची मांडणी जास्त कामी येते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (1989) बाराव्या कलमावर ती बेतलेली आहे. मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व समज पाहून वजन दिलं पाहिजे, असं ते कलम सांगतं. लंडी त्याचे चार भाग करतात: मत बनवायला सुरक्षित जागा, ते मांडायला मदत, ऐकणारा माणूस, आणि त्या मताचा निर्णयावर परिणाम.

पहिल्या दोन गोष्टी कुठलीही बरी संस्था जमवते. खोली मिळते, खेळ घेणारा हसतमुख कार्यकर्ता मिळतो, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लागतात. खरा फरक तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीत पडतो. म्हणून प्रकार निवडण्याआधी, येत्या सहा महिन्यांत कोणते निर्णय घ्यायचेत आणि त्यातले कोणते अजून खरोखर उघडे आहेत, हे लिहून काढा. यादीत काहीच उरलं नाही, तर सल्लागार नेमू नका. तयार साहित्य मुलांकडून तपासून घ्या, त्याचं मानधन द्या आणि त्याला ‘चाचणी’च म्हणा. त्यात कमीपणा नाही.

मंडळ आणि मुदतीचा गट

समजा, तुमच्यापुढचा प्रश्न असा आहे: आरोग्य केंद्र सुरू केलं, तरी मुलं येत का नाहीत? आठ-दहा जणांचा गट नेमा आणि त्यांना केंद्रात रुग्णासारखं आत जाऊन येऊ द्या. तुम्हाला स्वच्छ प्रतीक्षाकक्ष आणि नवी पोस्टरं दिसत असतात. त्यांना दिसतं ते निराळंच. नोंदणीच्या खिडकीतून ‘काय होतंय?’ असं खणखणीत आवाजात विचारलं जातं, आणि मागे रांगेत आईच्या ओळखीच्या बाई उभ्या असतात. समुपदेशनाच्या खोलीची पाटी इतकी ठसठशीत, की आत जाणारा कशासाठी चाललाय हे बसलेल्या सगळ्यांना कळावं. आणि शाळा-कॉलेज सुटण्याच्या सुमारासच केंद्राला कुलूप लागतं. उपाय त्यांच्याच तोंडून येतात: तक्रार चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय करा, दारावर फक्त खोली क्रमांक ठेवा, आठवड्यातले दोन दिवस केंद्र उशिरापर्यंत उघडं ठेवा. महिन्याभरात गटाचं काम संपतं आणि बदल झाला की नाही हे डोळ्यांना दिसतं. लंडींच्या चौथ्या कसोटीवर मुदतीचा गट उतरतो तो याच कारणाने: प्रश्न छोटा असतो आणि उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलं असतं.

मंडळाचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ‘गेल्या वर्षी आपण सांगितलं होतं, त्याचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न फक्त मंडळच विचारू शकतं. गट विसर्जित होतो आणि त्याच्यासोबत ती आठवणही जाते. प्रकल्प पाच वर्षांचा असेल, धोरण लिहायचं असेल, दर वर्षी अंदाजपत्रक ठरायचं असेल, तर असं पाठपुरावा करणारं कोणीतरी हवंच.

पण त्याची किंमत प्रस्तावात दिसत नाही. मंडळ चालवायला एक माणूस लागतो, ज्याचं तेच काम आहे असा. ‘जमेल तसं बघ’ म्हणून कुणाच्या गळ्यात घातलं, की तिसऱ्या बैठकीपासून हजेरी गळायला लागते. परीक्षा येतात, कुणी नोकरीला लागतं, कुणाचं लग्न ठरतं. वयाचा हिशेबही घोळ घालतो. जागतिक आरोग्य संघटना किशोरवय 10 ते 19 आणि युवा 15 ते 24 असं धरते. बारा वर्षांची मुलगी आणि बावीसचा तरुण एकाच टेबलाशी बसवले, तर मुलगी तोंड उघडत नाही. तेविसाव्या वर्षी नेमलेला सदस्य दोन वर्षांची मुदत संपेस्तोवर वयाबाहेर जातो. आणि जे टिकतात, ते हळूहळू तुमच्यासारखं बोलू लागतात. सतरा वर्षांचं पोर ‘लाभार्थ्यांपर्यंत पोहोच’ म्हणायला लागलं, की समजावं, आता याच्याकडून नवं काही कळायचं नाही. सगळ्या परिषदांना तेच दोन चेहरे जातात, ते वेगळंच.

मूळ समितीत जागा

कागदावर हा सगळ्यात वजनदार मार्ग आहे, कारण ऐकणारा आणि ठरवणारा एकाच खोलीत असतात. व्यवहारात पंधरा मोठ्यांमध्ये एक तरुण बसवला जातो. कागदपत्रं आदल्या रात्री येतात, बैठक कॉलेजच्या वेळेत असते आणि अध्यक्ष शेवटी विचारतात, ‘आपल्या तरुण सदस्यांना काही सांगायचंय?’ हा मार्ग घ्यायचाच असेल तर किमान दोघं असू द्या, त्यांना मताधिकार द्या, आणि बैठकीआधी विषयपत्रिका समजावून सांगणारं कुणीतरी नेमा. नियमात ‘निमंत्रित’ असा शब्द असेल, तर आधी तो बदला.

बरोबरीने बसवणं अशक्य नाही. युरोप परिषद (Council of Europe) या युरोपीय देशांच्या संघटनेच्या युवा विभागात सरकारी प्रतिनिधी आणि युवा संघटनांची 30 जणांची सल्लागार परिषद मिळून प्राधान्यक्रम आणि कार्यक्रम ठरवतात. पण त्या तरुणांच्या मागे त्यांच्या संघटना उभ्या असतात. तुमच्या समितीतला एकटा मुलगा कुणाच्या वतीने बोलणार, हा प्रश्न त्याला पहिल्याच बैठकीत छळतो.

मोबाइलवरचं मत

तरुणांना मोबाइलवर प्रश्न पाठवून मतं गोळा करणारा युनिसेफचा यू-रिपोर्ट 2011 मध्ये युगांडात एसएमएसवर सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. वेगात आणि आकड्यात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. अडचण एवढीच, की प्रश्न तुमचे असतात. किती जण केंद्रात येत नाहीत हे कळतं. खिडकीवरचा खणखणीत आवाज कळत नाही. शिवाय ज्या घरात फोन एक आणि तो भावाच्या हातात, तिथल्या मुलीचं उत्तर कुणी दिलं हे कसं ओळखणार? गटाने काढलेला मुद्दा किती ठिकाणी लागू पडतो हे तपासायला तो वापरा. एकटा वापरू नका.

पैसा, संमती आणि एक नेहमीचा घोळ

प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. ‘पावती जमा करा, पुढच्या महिन्यात मिळेल’ म्हटलं, की ज्यांच्याकडे आधीच पैसे आहेत तेवढेच उरतात. कामावर जाणाऱ्या तरुणाचा रोज बुडत असेल, तर मानधन हा उपकार नव्हे.

अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा घ्यावा. फोटोची परवानगी त्यात गुंडाळू नका. मानसिक आरोग्य, लैंगिक आरोग्य, हिंसा असे विषय असतील, तर बैठकीत कुणी आपल्यावरच बेतलेलं काही सांगून बसू शकतं. त्या क्षणी कुणी उठायचं, सांगणाऱ्याला कुठे न्यायचं, कुणाला कळवायचं, हे आधी ठरलेलं हवं. त्याची तयारी नसेल तर हे विषय सल्ल्याला ठेवू नका.

आणि सल्लागारांना परस्पर प्रचारक करू नका. ‘इतकी चुणचुणीत मुलं आहेत, शाळाशाळांत पाठवू या’ हा मोह सगळ्यांना होतो. किशोरवयीनांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यात काय चालतं आणि काय नाही याचा एक आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वागणुकीत बदल घडवण्याच्या बाबतीत युवा केंद्रं, समवयस्क शिक्षण (मुलांनीच मुलांना शिकवणं) आणि एकवेळच्या सभा फारशा परिणामकारक नसल्याचं म्हटलं होतं. सल्ला घेणं हे काम वेगळं आहे. तुम्ही ऐकायचं असतं, त्यांनी राबायचं नसतं.

वरिष्ठ विचारतील, हे सगळं कशाला? त्यांना दाखवा, की किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये आठ मानकं दिली आणि त्यातलं आठवं किशोरवयीनांच्या सहभागाचंच आहे.

तुमचं काय

छोटी संस्था, एक-दोन केंद्रं, पहिलाच अनुभव: मुदतीचा गट, एका वेळी एक प्रश्न. असे दोन-तीन गट पार पडले, त्यांच्या सूचना खरोखर अमलात आल्या आणि पूर्णवेळ माणूस नेमायची ऐपत असली, तर त्याच मुलांतून मंडळ उभं करा. त्यांना तोवर तुमचा भरवसा आलेला असतो. अनेक जिल्ह्यांत पसरलेला सरकारी कार्यक्रम असेल, तर प्रत्येक ठिकाणी गट, वर मूळ समितीत दोन जागा, आणि अधूनमधून मोबाइलवरची पडताळणी. निधी वाटणारी संस्था असाल, तर मात्र थेट समितीतच जागा द्या. कुठल्या प्रकल्पाला पैसा द्यायचा यापेक्षा मोठा उघडा निर्णय तुमच्याकडे दुसरा नाही.

मंडळ आधीच आहे आणि मरगळलंय, अशी स्थिती असेल, तर नवी भरती काढून ते जागं होत नाही. अंदाजपत्रकातली एखादी बाब, मग ती अगदी माहिती साहित्याची का असेना, त्यांच्या ताब्यात द्या आणि ठराव इतिवृत्तात त्यांच्या नावाने घाला. तेही शक्य नसेल, तर सगळ्यांना बोलावून त्यांच्या कुठल्या सूचना घेतल्या, कुठल्या नाही आणि का नाही हे सांगा, प्रमाणपत्रं द्या आणि मंडळ बंद करा.