शेताची दलाली करायची की महारेराचं सर्टिफिकेट काढायचं?

कपाशीत काही उरत नाही म्हणून गावोगावचे पोट्टे जमिनीच्या धंद्यात उतरून रायले, आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ महारेराचं, म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, लायसन काढू का? मी आधी विचारतो, तू विकतो काय ते सांग.

शेत विकत असशील, म्हणजे एका कास्तकाराचं दुसऱ्याला, किंवा गावातलं जुनं घर, तर रेरा (महारेरा ज्यावर चालते तो कायदा) मधात येतच नाही. ना परीक्षा, ना फी, ना नंबर. इसारचिठ्ठी झाली, खरेदी लागली की दोन्हीकडून टक्का घ्यायचा, तोही शब्दावर. शब्द फिरला तर दाद मागायला महारेरा नाही, मग कोर्टकचेरी नाहीतर गावातली चार माणसं. लायसन नाही म्हणून सोपं समजू नका पण. सातबारा, फेरफार, वर्ग 2 ची जमीन (सरकारी अटी असलेली, परवानगीशिवाय विकता न येणारी), बहिणींचे हक्क, धुऱ्याचे वाद, सगळं तुम्हालाच पाहावं लागते. आदिवासीची जमीन असली तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावू नका. तुकडेबंदी तर आहेच, जिरायत 20 गुंठ्याच्या आत आणि बागायत 10 च्या आत असलं की खरेदी लागतच नाही, अन् तोवर गिऱ्हाइकाचा इसार कोणाच्या तरी खिशात गेलेला असते.

लेआऊटचे, म्हणजे मोठी जमीन पाडून केलेले, प्लॉट किंवा फ्लॅट विकत असाल तर मामला वेगळा. 500 चौरस मीटरच्या वर, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वरचा लेआऊट प्लॅनिंग एरियात (सरकारनं विकास आराखड्यासाठी ठरवलेल्या भागात) असला की लेआऊटवाल्याची महारेराकडं नोंदणी लागते अन् त्याचे प्लॉट विकणाऱ्या तुमचीही. 'आपलं तर खेडं आहे, इथं कायचा रेरा' हे लै ऐकतो मी. बाप्पा, नागपूरच्या भोवतालची 700 हून जास्त गावं एनएमआरडीएत, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत, उमरेड, मौदा, हिंगणा, पारशिवनीकडची पण. गाव खेडं दिसते की शहर हे कोणी पाहत नाही, नकाशावर ते प्लॅनिंग एरियात आहे का एवढंच पाहतात.

दुसरं बहाणं, 'मी एजंट नाही, फक्त ओळख करून दिली.' कायद्यात एजंटची व्याख्याच अशी आहे की कोणत्याही माध्यमातून घेणारा-विकणारा जुळवून दिला अन् त्याचे पैसे घेतले की तुम्ही एजंट, मग दलाल म्हणा का मध्यस्थ. पानठेल्यावर बसून व्हॉट्सॲपवर ब्रोशर टाकणारा पण त्यात येते. नोंदणी नसली तर दंड दिवसाला 10,000, तो वाढत वाढत प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. 8 लाखाचा प्लॉट धरा, 2 टक्क्यांनं दलाली 16,000 अन् दंड 40,000 पर्यंत. लावा हिशोब.

सर्टिफिकेटचा खर्च त्यामानानं काहीच नाही. एकट्या माणसाला 10,000 फी, 5 वर्षं चालते. त्याच्या आधी 20 तासांचं ट्रेनिंग अन् आयबीपीएसची (बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) परीक्षा. 2023 मध्ये हे सक्तीचं केलं तेव्हा जुने दलाल लै कुरकुरले, पण मला विचाराल तर बरंच झालं, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) म्हणजे काय हे न सांगता येणारे लोक फ्लॅट विकत होते. नंबर भेटला की पूर्ण महाराष्ट्रात चालते, शेगावात बसून पुण्याचा फ्लॅट विका. बॉर्डरपलीकडं छिंदवाड्यात नाहीतर आदिलाबादेत मात्र तिथल्या राज्याची वेगळी नोंदणी.

मग बंधनंही येतात. हिशोबाच्या वह्या ठेवा, जाहिरातीत नंबर टाका, 'बाजूलाच हायवे येऊन रायला' अशा थापा बंद, अन् ज्या लेआऊटला महारेरा नंबर नाही तो विकायचाच नाही, दोस्ताचा असला तरी. गिऱ्हाईक 5,000 भरून तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकते, नागपूरलाच ऑफिस आहे. काही पोट्ट्यांना हे डोक्याला ताप वाटते. मला वाटते बाहेर नोकरीला असलेला गिऱ्हाईक नंबर पाहूनच फोन करते, शेताच्या दलालाला तो कधी भेटतच नाही.

तर वर्षभरात तुमचे सौदे शेताचेच होत असतील तर घाई करू नका, ते 10,000 सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासून दिलेला अहवाल) काढून देणाऱ्या चांगल्या वकिलावर घाला. लेआऊटवाल्याचं एक जरी ब्रोशर फोनमध्ये असलं तर आधी परीक्षा द्या, मग ते कोणाला पाठवा. अन् दोघं दोस्त मिळून करणार असाल तर फर्म काढायची हौस आवरा, फर्मची फी 1 लाख आहे, दोघांनी आपापल्या नावानं काढलं तर 20,000 मध्ये काम होते.