मिठाच्या पाण्यात ‘नत्र’ दाखवणारी कांडी

डाळिंब-द्राक्षाच्या भागात एक संच थेट बांधावर आणून विकला जातो. छोटं सौर पॅनेल, सिमकार्डचा पांढरा डबा आणि वायरीच्या टोकाला स्टीलच्या सुया असलेली काळी कांडी. नाव ‘सेव्हन इन वन सॉइल सेन्सर’. विक्रेता ओल्या वाफ्यात कांडी खुपसतो आणि मोबाइलवर ओलावा, तापमान, सामू (पीएच), ईसी, नत्र, स्फुरद, पालाश असे सात आकडे दाखवतो. मग खरा डाव. मगभर पाण्यात 19:19:19 हे खत विरघळवून कांडीपाशी ओततो. तिन्ही अन्नद्रव्यांचे आकडे डोळ्यांदेखत चढतात आणि चेक तिथेच फाडला जातो.

त्या मगात खायचं मीठ असतं, तरी आकडे असेच चढले असते.

या स्वस्त कांड्या नत्र मोजतच नाहीत, स्फुरद-पालाशही नाही. सुयांमधून वीज किती सहज वाहते, म्हणजे ईसी, एवढंच त्यांना कळतं. विरघळलेला क्षार नायट्रेटचा आहे, सल्फेटचा की सोडियम क्लोराइडचा, हे त्यांना ओळखता येत नाही. ईसीच्या आकड्याला तीन वेगवेगळ्या गुणकांनी गुणून नत्र, स्फुरद आणि पालाश ‘तयार’ केले जातात. म्हणूनच ॲपमधले तिन्ही आलेख जुळ्या भावंडांसारखे एकत्र वर-खाली होतात. आठवडाभराचे आकडे वहीत उतरवून तिन्हींचं आपसातलं गुणोत्तर काढा. ते जवळपास तेच राहिलं, तर समजून जा.

पैसे देण्याआधी घरीच तपासता येतं. स्पेअर पार्टच्या दुकानातून बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) आणा. प्लॅस्टिकचे तीन मग घ्या, स्टीलचे नकोत. प्रत्येकात 1 लिटर पाणी. पहिला मग तसाच ठेवा. दुसऱ्यात 1 ग्रॅम साधं मीठ, तिसऱ्यात 5 ग्रॅम युरिया, दोन्ही नीट ढवळा. सुया पूर्ण बुडवा आणि दर वेळी बॅटरीच्या पाण्यानेच धुऊन पुसा. मिठात नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी काहीच नसतं, तरी तिथे तिन्ही आकडे उड्या मारतात, कारण ईसी 2 डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास जाते. युरियाच्या मगात सुमारे 2300 मिलिग्रॅम नत्र आहे आणि कांडी जवळजवळ शून्य दाखवते. युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत. त्यामुळे वीज वाहत नाही.

नुकसान इथूनच सुरू होतं. ठिबकमधून युरिया सोडला की ॲप ‘नत्र कमी’च सांगतं, माणूस आणखी सोडतो. 0:0:50 हे पालाशाचं खत सोडलं की पालाशाबरोबर नत्र आणि स्फुरदही वाढलेलं दिसतं, जे त्या पोत्यात नाहीच. नुसतं पाणी दिलं तरी आकडे बदलतात. भारी काळ्या जमिनीत भेग पडून सुयांभोवती हवा शिरली की सगळंच कोसळतं. सगळ्यात वाईट अवस्था खारवट जमिनीत होते. उसाच्या पट्ट्यात अशा जमिनी थोड्या नाहीत. तिथे कांडी ‘अन्नद्रव्यं भरपूर’ म्हणते आणि पीक उपाशी राहतं. स्फुरदाचं तर विचारूच नका. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ते बहुतांशी चुन्याला बांधलेलं असतं. म्हणून प्रयोगशाळेत ते सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने काढून मग मोजतात. मातीत खुपसलेल्या सुईला हे कुठून जमणार?

संच अगदीच टाकाऊ नाही. ओलावा आणि तापमान बऱ्यापैकी कळतं. एकाच जागी, सारख्याच वाफशावर पाहिली तर ईसीचा कलही उपयोगी. पण त्यासाठी एवढे पैसे मोजायचे नसतात. खताचा निर्णय माती परीक्षणावर आणि द्राक्षात पानदेठ परीक्षणावरच घ्या.

विक्रेत्याला विचारा, ‘नत्र कोणत्या पद्धतीने मोजता?’ उत्तर बिलावर लिहून मागा. इथे बहुतेकांची गाडी घाईत निघते. ॲपची वर्षाची वर्गणी संपली की आकडे बंद होतात का, तेही लिहून घ्या. ‘अनुदान आम्ही काढून देतो, आधी पैसे भरा’ हे ऐकलं की थांबा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर पूर्वसंमती मिळण्याआधी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही.

संच आधीच घेतला असेल, तर तिन्ही मगांची चाचणी न कापता व्हिडिओत घ्या, कांडीवरचा मॉडेल क्रमांक दिसू द्या. बिल, जाहिरातीचं पत्रक आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. आधी ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत 2 वर्षांची आहे आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही.