टेलिफोनच्या वायरीवरच घरचं नेटवर्क, सोबत तिघांत एक डीएसएल : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. जुनं दगडी घर असेल, मजल्यामजल्यावर टेलिफोनची वायर आधीच गेलेली असेल आणि नेट त्याच वायरीवरून येणारं डीएसएल, तेही साधं एडीएसएल असेल तर होमपीएनए अडॅप्टर (टेलिफोनच्या वायरीवरूनच घरातलं नेटवर्क चालवणारे डबे) बिनधास्त लावा, चालतात, डीएसएललाही त्रास देत नाहीत. फक्त घरातली वायर आधी नीट तपासा, कारण आमच्याकडे जे काही प्रॉब्लेम आले त्यातले बहुतेक डब्यांचे नव्हतेच, वायरीचे होते.

आमचं घर सोलापुरात बाळीवेशीच्या बाजूला, भिंती जाडजूड काळ्या दगडाच्या. खाली काकांचं चादरी-टॉवेलचं ऑफिस, मधे आम्ही, वर चुलत भाऊ अण्णा आणि वहिनी. डीएसएल एकच, बिल तिघं मिळून भरतो. मोडेम खाली ऑफिसात, त्याचा वायफाय जिन्यापर्यंत यायचा आणि तिथंच संपायचा, रिपीटर लावला तर वरच्या खोलीत कांड्या भरलेल्या दिसायच्या पण पेज उघडायचं नाही. भिंती फोडून लॅन केबल ओढायला आजोबा तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या भिंतींना ड्रिल लावायला माझंही मन होत नाही. अण्णांनी मग पुण्याहून कुणाच्या तरी जुन्या सामानातले होमपीएनए ३.१ चे अडॅप्टर आणले. एका बाजूला फोनची पिन, दुसऱ्या बाजूला लॅनचं पोर्ट, बास. खाली मोडेमच्या लॅनमधून एक जोडला, वर एक, मधे एक.

लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो की एकाच वायरीवर बोलणं, डीएसएल आणि हे तिसरं कसं जाणार. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये असतं, एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल २ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि होमपीएनए ४ मेगाहर्ट्झच्या वर चालतं. तिघांच्या जागा वेगळ्या आहेत म्हणून भांडण होत नाही. फोन चालू असताना नेट चालतं आणि नेट चालू असताना खाली-वर फाईल पाठवता येते, हे आम्ही रोज करतोय.

पण लावल्या लावल्या वरचा डबा लिंकच घेईना. तिथं भिंतीतल्या रोझेटला, म्हणजे फोनची पिन घालायच्या डबीला, डीएसएलचा फिल्टर लावलेला होता आणि डबा फिल्टरच्या फोनच्या तोंडाला जोडलेला. फिल्टरचं कामच हे की फक्त बोलण्याची खालची फ्रिक्वेन्सी आत सोडायची आणि वरचं सगळं अडवायचं, मग ४ मेगाहर्ट्झचा सिग्नल त्याच्या पलीकडे जाणार कसा. डबा सरळ रोझेटवर घेतला, फोन फिल्टरच्या मागे ठेवला, हिरवा दिवा लगेच लागला. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मा त्रास वाचतो, फिल्टर फोनला लावायचा, मोडेमला नाही आणि अडॅप्टरलाही नाही.

त्यानंतर काही आठवडे छान गेले आणि मग संध्याकाळी नेट तुटायला लागलं. घरात सगळ्यांनी नव्या डब्यांवर खापर फोडलं, काका तर म्हणाले काढून टाका ते. पण दिवे बघितले तर गोष्ट वेगळी होती. मी आता कुणालाही हेच सांगतो, आधी मोडेमचा डीएसएल दिवा बघा, तो लुकलुकत असेल तर भानगड बाहेरच्या लाईनची किंवा घरात शिरणाऱ्या वायरीची आहे, अडॅप्टरला हात लावू नका. डीएसएल दिवा स्थिर आणि अडॅप्टरचा लिंक गेलाय तर घरातली वायर. दोन्ही दिवे ठीक आणि तरी नेट नाही तर कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बघा, १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर त्याला मोडेमकडून पत्ताच मिळालेला नाही.

आमचा डीएसएल दिवाच लुकलुकत होता, आणि तोही फोनची रिंग वाजली की हमखास. रिंगला लाईनवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, कुठं जोड गंजलेला असेल किंवा एखादा फोन फिल्टरशिवाय लटकलेला असेल तर त्या धक्क्यात डीएसएल पडतं. शोधता शोधता माळ्यावर त्याच लाईनला जोडलेला जुना पॅरलल फोन सापडला, फिल्टर नाही. तो काढला, थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही. मग लाईनमन मामा आले, बाहेरच्या डीपीतला (लाईनचे जोड असतात त्या पेटीतला) जोड उघडला तर आत पाणी जाऊन तार हिरवी पडलेली. ते म्हणाले, "मालक, आतली ही वायर कुठं जाती, ते बघा आधी." बोट दाखवलं ती वायर पूर्वी घराला लागून असलेल्या दुकानाकडे जायची, दुकान जाऊन जमाना झाला, वायर तशीच भिंतीत उघडी संपलेली. अशा मोकळ्या टोकाशी गेलेला सिग्नल विहिरीत हाक मारावी तसा परत फिरून येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. डीएसएलला तर त्रास होतोच, वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या होमपीएनएला अजून जास्त. ती शाखा मुळापासून कापली, डीपीचा जोड नवा केला. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे तो आकडा) ६-७ डेसिबल दिसायचं ते १२ च्या पुढं गेलं. ६ च्या खाली गेलं की लाईन भरवशाची राहत नाही, तेव्हा हा आकडा लिहून ठेवायची सवय लावा, पुढं भांडायला कामाला येतो.

शेजारी माग आहेत, पेठेत राहायचं तर ते आलेच. स्टार्टर पडला की मोडेमच्या पानावर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा) उड्या मारायचे. मोडेमकडे येणारी चपटी फोनची वायर लाईटच्या बोर्डाला चिकटून गेलेली होती, तिथं पिळाची जोडी टाकली आणि बोर्डापासून लांबून फिरवली. एरर अजूनही येतात पण कनेक्शन तुटत नाही.

एक प्रकार मात्र वायरीचाही नव्हता. अण्णांनी वर स्वतःचा वायफाय राउटर अडॅप्टरला जोडला आणि कधी काकांचं बिलिंग बंद तर कधी आमचं. तो राउटरपण आयपी वाटत होता, मोडेमपण, त्यात दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद केलं, पत्ता बदलला, केबल त्याच्या लॅन पोर्टात घातली, तेव्हापासून शांतता. आणि रात्री व्हिडिओ अडकतो ही वहिनींची तक्रार निघाली ती अपलोडची. एडीएसएलला वर जायची वाट जेमतेम १ एमबीपीएसची, कुणाच्या मोबाईलनं फोटोंचा बॅकअप सुरू केला की सगळ्यांचं डाउनलोडही रेंगाळतं. बॅकअप पहाटेवर टाकले, झालं.

स्पीडचं म्हणाल तर डब्यांवर छापलेले मोठे आकडे विसरा. आमच्या वायरीवर वर-खाली ५०-६० एमबीपीएस मिळतं, तेही सगळ्या डब्यांत वाटून. डीएसएल आमचं ८ चं, त्यामुळं त्याला हे भरपूर होतं, खालच्या कॉम्प्युटरवरून डिझाइनच्या फायली वर घ्यायलाही पुरतं. मोठ्या फायली सारख्या हलवणाऱ्यांनी मात्र लॅनच ओढावी.

एप्रिल-मेच्या उन्हात डबे चांगलेच तापतात, बंद कपाटात ठेवू नका. लाईट गेली तर फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर चालत राहतो, पण मोडेम आणि अडॅप्टर बंद पडतात. नेट हवं असेल तर मोडेम, खालचा डबा आणि आपल्या मजल्यावरचा डबा, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात, एक घेऊन उपयोग नाही.

घेण्याआधी आपली लाईन कुठली ते विचारा. व्हीडीएसएल २ (डीएसएलचाच जास्त वेगाचा प्रकार) असेल तर ते १७ मेगाहर्ट्झपर्यंत, काही ठिकाणी ३० पर्यंत जातं, म्हणजे होमपीएनएच्या जागेतच येतं, आणि एका जोडीवर दोन्ही नीट चालत नाहीत. आमच्या घरातल्या केबलमध्ये जुन्या इंटरकॉमची दुसरी जोडी रिकामी आहे, तिच्या टोकांना खुणा करून ठेवल्यात. लाईन बदलली तर डबे तिच्यावर हलवणार.