कॅलिफोर्नियातली मेक्सिकन बाळंतीण: घरची ‘क्वारेंतेना’ की डूला?

मेक्सिकन घरांत बाळंतिणीला ४० दिवस ‘क्वारेंतेना’ पाळायला लावतात, आपल्या सव्वा महिन्यासारखीच. आई किंवा सासू कोंबडीचा गरम रस्सा आणि मक्याच्या पिठाचं आतोले करून देते, रात्री बाळाला घेते. डूला म्हणजे बाळंतपणात सोबत आणि आधार देणारी प्रशिक्षित बाई; सरकारी खर्चातल्या डूलाकडून ही रात्रीची झोप सहसा मिळत नाही. मेडी-कॅल या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य योजनेत १ जानेवारी २०२३ पासून डूलाचा खर्च मिळतो, पण भेटी मोजक्याच: एक पहिली, पुढे बाळंतपणाआधी-नंतर मिळून आठ, शिवाय बाळंतपणानंतर तीन-तीन तासांच्या दोन.

घरी चुकतं ते पट्ट्यात आणि चहात. पोटाचा ‘फाहा’ करकचून आवळला की सिझेरियनचे टाके दुखतात. बाळाच्या पोटदुखीवर चक्रीफुलाचा चहा तर अजिबात नको. त्यात विषारी जपानी जातीची भेसळ निघाली आहे, बाळांना झटके आले आहेत.

स्पॅनिश बोलणारी डूला दूध पाजणं शेजारी बसून शिकवते: बाळानं तोंड मोठं उघडावं, नुसती बोंडी नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात जावा. मात्र ती डॉक्टर नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर थेट दवाखाना गाठा.

आई मेक्सिकोत अडकली असेल तर डूला सातव्या महिन्यातच ठरवा. घरात माणूस असेल, तरी पहिल्या आठवड्यातली एक भेट घ्याच, आणि सासूबाईंनाही शेजारी बसवा.