फ्रेंच इमर्शन, पहिली ते बारावी: बारा वर्षं वापरल्यानंतर

लेक या जूनमध्ये बारावी झाली. फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गाच्या, पहिलीच्या सोडतीत तिचा नंबर लागला तेव्हा नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटले होते. आता बारा वर्षांनी माल कसा निघाला ते सांगायला हरकत नाही. आम्ही मिसिसागात, म्हणजे कॅनडाच्या ऑंटारिओत राहतो. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, आणि फ्रेंच म्हणाल तर आम्हा दोघांची मजल 'बोंजूर'च्या पुढे जात नाही.

आधी हिशेब. इथल्या साध्या शाळेतही फ्रेंच असतं, पण आठवीपर्यंत सगळे मिळून ६०० तास. इमर्शनमध्ये किमान ३८०० तास, कारण त्यात नुसती भाषा नाही, इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात. हे सुरू झालं १९६५ साली, क्वेबेकमध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टला. इंग्रजी बोलणारे आईबाप हात धुऊन मागे लागले म्हणून पहिला बालवर्ग निघाला. प्रवेशासाठी धावपळ आजही आईबापच करतात. मीही त्यातलीच.

प्राथमिकचा अनुभव चांगला, फक्त तिसरीपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागतं. शेजारची मुलगी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचत होती आणि आमची 'नाइफ'मधला 'क' उच्चारत होती. पाचवीत सगळं आपोआप भरून निघालं. दहावीची इंग्रजी साक्षरता परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. गृहपाठाला मदत कशी करणार, ही भीतीही फुकट गेली. उलट आम्हाला काही येत नाही म्हटल्यावर तीच आम्हाला शिकवायची, आणि शिकवता शिकवता तिचं पाठ व्हायचं.

मराठीचा इथे चक्क फायदा झाला. वर्गातल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना खुर्ची 'ती' का, हेच पटत नव्हतं. आमच्या घरात खुर्ची पहिल्यापासून 'ती'च आहे. टेबल मात्र आपल्याकडे 'ते' आणि फ्रेंचमध्ये 'ती', तिथे लेक अजून अडखळते. बाईंना 'व्हू' आणि मैत्रिणीला 'त्यू' हे तुम्ही-तू सारखंच, ते समजावून सांगावं लागलं नाही. ऐंशीला फ्रेंचमध्ये 'कात्र व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. वर्गात हसू पिकलं. लेकीने फोनवर आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, "मग त्यात काय, आम्ही आंबे असेच मोजायचो, चार विसा."

आता खोट. वर्गात एक वेगळीच फ्रेंच तयार होते. काम झालं की अख्खा वर्ग 'जे फिनी' म्हणायच्या ऐवजी 'ज स्वी फिनी' म्हणतो, म्हणजे जवळजवळ 'मी संपले'. वर्षानुवर्षं. बाई सुधारून सुधारून थकतात, कारण तीस मुलांमध्ये चुकीचं बोलणारे तीस आणि बरोबर बोलणारी एकच. बाईंची पाठ वळली की इंग्रजी. ऐकलेलं, वाचलेलं उत्तम समजतं, पण तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य आधी मनात इंग्रजीत बनतं.

आणि खरं दुखणं हायस्कूल. ऑंटारिओत इमर्शनचं प्रमाणपत्र हवं तर नववी ते बारावीत फ्रेंचमधून दहा क्रेडिट (एक विषय पूर्ण केला की एक क्रेडिट) लागतात: चार भाषेचे, सहा इतर विषयांचे. नववी-दहावीत अडचण नाही. भूगोल, इतिहास आरामात मिळाले. (भूगोलात तिने दख्खनच्या पठारावर बोलायचं घेतलं. फ्रेंचमध्येही त्या लाव्हाच्या थरांना 'त्राप द्यु देकाँ' म्हणतात, हे कळल्यावर तिचे साताऱ्याचे आजोबा आठवडाभर खूश होते.) अकरावीपासून मात्र तारांबळ. पहिलीत दोन तुकड्या होत्या, बारावीत उरली एकोणीस मुलं. एकोणीस मुलांसाठी शाळा किती विषय चालवणार? फिजिक्स आणि फ्रेंचमधला विषय एकाच तासाला आले. दुसरा निवडला तर तो मुलं कमी म्हणून रद्द झाला, आणि हे आम्हाला कळलं सप्टेंबरमध्ये. शेवटचा क्रेडिट ऑनलाइन करावा लागला. इंजिनिअरिंगला जाणारी तिची निम्मी मैत्रमंडळी इथेच गळाली, आणि मी त्यांना दोष देत नाही. प्रवेशपुस्तिकेत मात्र सगळे विषय रांगेने छापलेले असतात.

तिची जीभ सुटली ती शाळेबाहेर. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या 'एक्सप्लोर' योजनेतून ती पाच आठवडे त्रुआ-पिस्तोलला गेली. सेंट लॉरेन्स नदीकाठचं छोटं गाव, १९३२ पासून तिथे फ्रेंच शिकवतात. राहायचं एका कुटुंबात आणि इंग्रजी बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात रडून फोन. अकरा वर्षं शिकून घरमालकीण जेवणाच्या टेबलावर काय म्हणते ते कळेना, कारण क्वेबेकी बोली वर्गात कोणी ऐकवलीच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो घाईत: "आई, तांतो करते." म्हणजे मग करते. मराठी वाक्यात आपण फ्रेंच शब्द टाकला, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, लागली भाषा.

बारावीत तिने डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-२ पातळी दिली. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पासाला ५०. ऐकण्यात २३, लिहिण्यात १४. शाळेच्या प्रमाणपत्रापेक्षा मला हे जास्त उपयोगाचं वाटतं, ते जगभर चालतं आणि कधी बाद होत नाही. ओटावा विद्यापीठात इमर्शनच्या मुलांसाठी वेगळी वाट आहे, काही विषय फ्रेंचमधून घेता येतात. ती तिथेच चालली आहे.

तारे द्यायचे तर पाचपैकी प्राथमिकला साडेचार, हायस्कूलला अडीच. त्रुआ-पिस्तोलला पाच, पण ते शाळेच्या खात्यावर नको.

धाकटा यंदा आठवीत आहे, तोही इमर्शनमध्येच. त्याच्या हायस्कूलच्या माहिती-सभेला मी जाणार आहे आणि एकच विचारणार आहे: गेल्या वर्षी अकरावी-बारावीत फ्रेंचमधून खरोखर किती वर्ग भरले? पुस्तिकेतले नकोत.